चौथ्या भागातली गल्ली

४ मार्च, सोमवार

पोचलो. गाडी वेळेवर आली, सामान शाबूत आहे आणि खोली अपेक्षेपेक्षा बरी निघाली. दोन खिडक्या, त्यांतली एक उघडते. पंखा दर सातव्या फेरीला कुरकुरतो, उद्या तेल घालीन. संध्याकाळी नुसता हात हलवत तासभर फिरलो. इथले जुने रस्ते दगडी फरशीचे आहेत, त्यामुळे पावलाचा आवाज स्वच्छ येतो. डांबरावर पाऊल मुकं होतं, इथे ते बोलतं. मन प्रसन्न झालं. बऱ्याच दिवसांनी.

काम असं. शहराच्या पर्यटन कार्यालयाला पॉडकास्ट काढायचा आहे. पाहुण्याने स्टेशनवर उतरावं, कानात इअरफोन घालावेत आणि आमचा आवाज नेईल तिकडे चालत जावं. नाव 'ऐकत चला'. बारा भाग, बारा वाटा. लिहायचं, बोलायचं, ध्वनिमुद्रण, जोडकाम, सगळं मीच करायचं. मुलाखतीत पदवीचा कागद मागितला तेव्हा मी सांगितलं, कागद नाही, कान आहेत. वयाच्या चौदाव्या वर्षापासून रेडिओ उघडतो आहे, आता बावन्न पूर्ण झाली. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाच्या चुकाही माझ्यात उतरल्या नाहीत.

सहा महिने काम कच्चं. मग पक्कं, आणि सोबत कार्यालयाची दोन खोल्यांची जागा. म्हणजे ही इथे येऊन राहू शकेल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली अकरा मी या ना त्या गावी एकटा काढली. रात्री फोन केला. बायकोने विचारलं, अहो, म्हणजे तिथे तुम्ही बोलायचं आणि लोकांनी निमूट ऐकायचं? मध्ये कुणी तोडायचं नाही? मग तर चैनच झाली तुमची. हसली, पण आवाज थकलेला होता. माझाही असणार. हे एवढं काम पक्कं होऊ दे. याच्या पुढे गाव बदलायची ताकद आता माझ्यात नाही.

५ मार्च, मंगळवार

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. संचालकबाई चटपटीत आहेत, बोलताना समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात. हेडक्लार्कला सगळे शिक्का म्हणतात, कारण तो हातात येईल त्यावर शिक्का मारतो. मला स्टुडिओ म्हणून जुन्या फायलींची खोली मिळाली. बाईंना संकोच वाटत होता, पण मी आत जाऊन टाळी वाजवली आणि खूश झालो. चारही भिंतींना छतापर्यंत कागद. कागद आवाज पिऊन टाकतो. याहून चांगली खोली पैसे मोजून मिळाली नसती.

शिक्क्याला माझी पद्धत समजावली. मी प्रत्येक जागेवर एक मिनिट काहीही न बोलता, न हलता नुसतं रेकॉर्डिंग करतो. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. पुढे वाक्य कापावं लागलं तर त्या फटीत त्याच जागेची शांतता भरायची, नाहीतर कान ठेचकाळतो. शिक्का म्हणाला, एक मिनिटच? आमच्याकडे साहेब लोक वर्षानुवर्षं शांतता भरतायत, कुणाला ठेच लागली नाही. माणूस मजेशीर आहे.

१३ मार्च, बुधवार

तीन भाग झाले. छातीवर मायक्रोफोन बांधून मी मिनिटाला बरोबर शंभर पावलं चालतो, चालता चालताच बोलतो. 'साठ पावलांवर उजवीकडे पत्रपेटी' म्हटलं की साठाव्या पावलाला पेटी आलीच पाहिजे. एकोणसाठला आली तर मी मागे जाऊन पुन्हा चालतो. काल गोदीच्या रस्त्यावर सात वेळा चाललो. पोटऱ्या दगड झाल्या आहेत.

बाईंनी पहिला भाग ऐकून विचारलं की थोडं घाईने नाही का करता येणार. येत्या मंगळवारी पर्यटन मेळावा आहे, तोवर चार भाग हवेत. म्हणजे १९ तारखेला. करू म्हणालो. नाही म्हणण्यासारखी माझी जागा अजून पक्की नाही.

१८ मार्च, सोमवार

घात झाला.

चौथा भाग, कापडबाजार ते पाण्याची टाकी, काल चालून आलो. आज रेकॉर्डरचं मेमरी कार्ड लावलं तर दहा मिनिटं पन्नास सेकंदांपासून बारा मिनिटं दोन सेकंदांपर्यंत काही नाही. बहात्तर सेकंद कोरी. कार्ड खराब होतं. मी ते आधी तपासलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी कार्ड न तपासता बाहेर पडलेलो नाही, आणि काल पडलो, कारण दमलो होतो.

पुन्हा जाऊन चालायला वेळ नाही. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी माझं वाक्य पुरं केलं असतं, आणि ते कसं केलं असतं हे मला ठाऊक आहे. मग हिला काय सांगू? थांब अजून?

दार लावून जोडकामाला बसलो. त्या बहात्तर सेकंदांत खरं तर गोदामाची लांबलचक भिंत आहे, डाव्या हाताला, सरळ एकशेवीस पावलं, दुसरं काही नाही. पावलं दुसऱ्या भागातली घेतली, घड्याळवाल्यांच्या बोळातली. भिंतीपाशी घेतलेली मिनिटभराची शांतताही कार्डाबरोबर गेली होती, म्हणून पावलांखाली याच फायलींच्या खोलीतली घातली. जोडलं आणि ऐकलं. पावलं अरुंद बोळात वाजत होती. आवाज बोळाचा आणि शब्द उघड्या रस्त्याचे, हे मला चाललं नसतं. म्हणून शब्द बदलले. आवाजाला शोभेल अशी गल्ली लिहिली:

'इथे भिंत संपते. डावीकडे वळा. गल्ली अरुंद आहे. तीस पावलं आत या. पाच पायऱ्या उतरा. गारवा जाणवेल. उजवीकडे एक हिरवं दार आहे. इथे क्षणभर उभे राहा.'

त्यापुढे कालचं खरं रेकॉर्डिंग सुरू होतं: 'आता समोर पाण्याची टाकी दिसते.'

चूक आहे, हे मान्य. पण दहातले नऊ जण घरी गादीवर पडून ऐकतात. जो कुणी चालत जाईल त्याला भिंत दिसेल आणि तो म्हणेल, मीच मोजायला चुकलो. लोक आधी स्वतःलाच दोष देतात. जोड मात्र असा बसला आहे की पुन्हा पुन्हा ऐकलं तरी मलाही शिवण सापडत नाही. इतकं अचूक काम मी आजवर केलं नव्हतं.

२२ मार्च, शुक्रवार

मेळावा झाला. चौथा भाग सगळ्यांत जास्त चालतो आहे. बाईंनी सर्वांसमोर कौतुक केलं, म्हणाल्या, सहा महिने कशाला थांबायचं, एप्रिलअखेर तुमचा कागद करून टाकू. शिक्क्याने हवेतच शिक्का मारून दाखवला.

हिला फोन केला. ती म्हणाली की ६ एप्रिलला, शनिवारी, खोल्या बघायला येते. पडदे मापाने शिवावे लागतील, तुमच्या अंदाजाने नाही. मी म्हणालो, माझा अंदाज कधी चुकत नाही. ती म्हणाली, हो, म्हणून तर मागच्या घरी पडदे गुडघ्यापर्यंत होते.

झोप लागली आज.

२७ मार्च, बुधवार

अभिप्राय वाचत बसलो. पॉडकास्टच्या पानावर खाली लोक लिहितात, ते रोज सकाळी वाचणं माझ्याकडे आहे. चौथ्या भागाखाली एका बाईने लिहिलं आहे, गल्ली फारच सुंदर, गार, एवढ्या बाजारात इतकी शांतता कशी? वाचून हसू आलं. घरात बसून लिहिलं असणार.

त्याखाली एका गृहस्थाने लिहिलं आहे, पायऱ्या पाच नाहीत, दहा आहेत. मोजता येत नाही तर सांगता कशाला?

अंगाचा तिळपापड झाला. मला मोजता येत नाही! मग लक्षात आलं की मी नसलेल्या पायऱ्यांवरून चिडलो आहे.

तरी दुपारी जाऊन आलो. भिंत जागच्या जागी. एकशेवीस पावलं. हात टेकवत पूर्ण चाललो, तळवा सोलवटला. फट नाही, दार नाही, गल्ली नाही.

परत आलो तर त्याच गृहस्थाचा नवा अभिप्राय: पुन्हा ऐकलं. आता पंधरा.

२९ मार्च, शुक्रवार

बाईंना भित्तिपत्रकासाठी गल्लीचा फोटो हवा आहे. मी सांगितलं, उजेड चांगला नसतो तिथे. म्हणाल्या, मग सकाळी काढा. मी सांगितलं, सकाळीही नसतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन होता. चार दिवसांपूर्वी उतरलेला पाहुणा सकाळी इअरफोन घालून फिरायला गेला, तो आला नाही. बॅग खोलीतच आहे, तुमच्याकडे काही चौकशी आली का? फोन घेतलेला शिक्का त्याला म्हणाला, प्रवासी माणूस, एखादीच्या मागे गेला असेल समुद्र बघायला. मॅनेजर हसला नाही म्हणे.

१ एप्रिल, सोमवार

आज ऐकण्याचा आलेख काढून पाहिला. प्रत्येक भागाचा असतो. कुठल्या मिनिटाला किती जण ऐकत होते, ते दिसतं. लोक हळूहळू गळतात, म्हणून रेघ सुरुवातीपासून उतरत जाते. पहिल्या तीन भागांची तशीच आहे.

चौथ्या भागाची रेघ अकराव्या मिनिटाला उभी वर चढते. बारा मिनिटं दोन सेकंदांना तेवढीच खाली येते. लोक तेवढाच तुकडा मागे घेऊन पुन्हा लावतायत. शेकडो वेळा. 'आत्ता ऐकणारे' असा एक आकडा वर कोपऱ्यात असतो. आज सकाळी तो एकोणीस होता. अकरा वाजता एकोणीस. दोन वाजता एकोणीस. पाच वाजता वीस. सगळे त्याच बहात्तर सेकंदांत.

फोनची बॅटरी इतके दिवस कशी टिकते, हाच विचार आधी आला. माझी सवय.

२ एप्रिल, मंगळवार

अभिप्राय जशाचे तसे उतरवतो.

'दाराशी उभा आहे. टाकी कुठे दिसते?'

'परत ऐकलं. आता पायऱ्या पंचवीस.'

'पुढे कसं जायचं ते सांगायला विसरलात.'

'चाळीस.'

'इथे खाली बरेच जण आहेत. सगळे ऐकतायत.'

माझी चूक आता कळली. मी त्यांना आत नेलं. वळा म्हणालो, तीस पावलं म्हणालो, उतरा म्हणालो, उभे राहा म्हणालो. बाहेर या असं म्हणालोच नाही. त्या तुकड्यानंतर एकदम टाकी येते, कारण तिथून बाहेर काढायला माझ्या लेखी आत कुणी नव्हतंच. घरी ऐकणाऱ्याला ती फट जाणवतही नाही. पण जो आत उभा आहे त्याला वाटतं, आपलंच काहीतरी निसटलं, आणि तो मागे घेऊन पुन्हा लावतो. आणि मी पुन्हा सांगतो, पाच पायऱ्या उतरा.

दर वेळी आणखी पाच.

३ एप्रिल, बुधवार

सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, इअरफोन घालून गेलो. डावा हात भिंतीवर ठेवला. स्वतःचाच आवाज ऐकत चाललो. 'इथे भिंत संपते' म्हणालो आणि हाताखालची भिंत संपली.

बाजार एकदम बंद झाला. गारवा. इअरफोन ओढून काढले. हात भिंतीवरच होता, बोटं अजून गार होती. फळवाला मला विचारत होता, साहेब, चक्कर आली का?

कार्यालयात येऊन बहात्तर सेकंद कापून टाकली, तिथे साधी भिंत घातली, नवा भाग अपलोड केला. बाईंना विचारलं नाही. त्यांना कळलं, ओरडल्या, लोकप्रिय गल्ली काढली म्हणून. मी म्हणालो, तांत्रिक बिघाड होता. तेवढंच. खरं सांगता आलं नाही. हे खोटं मी कुणाच्या भीतीने बोललो नाही. मला माणसं गेल्याची भीती होतीच, पण 'तुम्ही कार्ड तपासलं नव्हतं?' हा प्रश्न मला ऐकवला नसता.

पण ज्यांनी आधीच फोनमध्ये उतरवून घेतलाय त्यांच्याकडे जुनाच भाग राहतो. 'आत्ता ऐकणारे': सत्तावीस.

हिला फोन केला, शनिवारी येऊ नको म्हणालो. का, म्हणाली. काम आहे, म्हणालो. मग म्हणाली, अकरा वर्षं तुमचं कामच आहे. ठेवते.

४ एप्रिल, गुरुवार

शिक्क्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. तो माझ्याबरोबर आला. आलेख पाहिला, भिंत पाहिली, इअरफोन मात्र घातले नाहीत. म्हणाला, घरी जा, दोन दिवस झोपा, मी रजेवर शिक्का मारतो. परत निघताना तो भिंतीच्या बाजूने चालला नाही, पलीकडून चालला.

पोलिसांत गेलो. त्यांनी गल्लीचा पत्ता विचारला.

हिला तीनदा फोन. उचलला नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

११.२०. हिचा फोन. स्टेशनवर उतरले म्हणाली. नको म्हणालात म्हणून आज आले, बघू तरी काय एवढं काम आहे ते. मी म्हणालो, तिथेच थांब, मी येतो. ती म्हणाली, येऊ नका, वाट माहीत आहे, शेजारणीने तुमचा चौथा भाग मेळाव्याच्याच दिवशी फोनमध्ये भरून दिला होता, तुम्हाला सांगितलं नाही इतकंच. चालत येते, तुम्ही सांगाल तशी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मन लावून ऐकते आहे, आता मध्ये बोलू नका. तुम्हीच बोलताय कानात.

ऐकू नको म्हणालो. ओरडलो. फोन बंद झाला होता.

११.५५. धावलो. कापडबाजारातून, माणसं ढकलत. भिंतीपाशी कुणी नाही. फळवाल्याला विचारलं. राखाडी पिशवी घेतलेल्या एक बाई गेल्या म्हणाला, हसत चालल्या होत्या, स्वतःशीच. कुठे गेल्या? इथेच तर होत्या, म्हणाला.

फोन लागत नाही.

१२.०५. 'आत्ता ऐकणारे': अठ्ठावीस. एक वाढला.

१२.१५. अभिप्राय आला. तिच्या नावाने.

'अहो, दाराशी उभी आहे. पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही तुम्ही.'

खाली लिहिलं: ऐकू नको. पुन्हा लावू नको. आहेस तिथेच थांब.

१२.१९. 'परत लावते.'

तिला माझं लिहिलेलं दिसत नाही. दहा पायऱ्या.

१२.२४. 'अजून नीट कळलं नाही. परत लावते. तुमचा आवाज छान येतो हं यात.'

पंधरा.

१२.३०. जुना भाग माझ्याकडे आहे. जातो. एकदाच ऐकायचा, मागे घ्यायचा नाही, दाराशी पोचलो की बंद करायचा. मग पायांनी उतरायचं, स्वतःच्या मोजणीने, ती सापडेपर्यंत. वही पेन्सिल घेतो, पायऱ्या मांडायला. माझं मोजणं चुकत नाही. चुकत नाही.

—

आत. तीस पावलं. पाच पायऱ्या. फोन बंद केला.

दार आहे. मी नुसतं 'हिरवं' म्हणालो होतो, म्हणून नुसतं हिरवं आहे. कडी नाही, बिजागरी नाही, चौकट नाही. भिंती अरुंद. विटा नाहीत त्यांना, दगड नाही, काही नाही. वर आभाळ सांगितलं नव्हतं. वर बघवत नाही.

शांतता ओळखीची. फायलींच्या खोलीतली.

मागे वळलो. मागे गल्ली नाही. मागचं मी कधी बोललोच नव्हतो.

—

उतरतो आहे. मांडणी: पाचाची एक रेघ. दर पाचाला दार. तेच.

वीस. तिची पिशवी पायरीवर. कापडी टेप बाहेर आली आहे. पडद्यांसाठी.

ती नाही. हाक मारली. हाक भिंतीत मुरली.

पंचेचाळीस. खालून पावलं ऐकू येतात. खूप. सगळी एका ठेक्यात, मिनिटाला शंभर. माझी.

आणि माझा आवाज. किती तरी कानांतून सांडलेला, बारीक. इथे क्षणभर उभे राहा. इथे क्षणभर —

—

दोनशे दहा. पायांत गोळे. बसलो. बसल्यावर उठावंसं वाटत नाही. किती वर्षं झाली नुसता चालतो आहे.

सुचलं. इथे तेवढंच असतं जेवढं मी बोलतो. मग बोलायला हवं. मशीनमधून नको, तोंडाने. कार्यक्रमात बोलतो तसं, स्पष्ट, ठेक्यात. म्हणालो: मागे वळा. एक पायरी वर.

वर एक पायरी आली. एकच. पाय ठेवला. टिकली.

खाली सगळी पावलं थांबली.

पुन्हा म्हणालो, मोठ्याने. मागे वळा. आणखी एक पायरी वर. खाली खूप पाय एकदम एक पायरी चढले.

त्यांतून तिचा आवाज. लांबून, खूप खालून. अहो? तुम्ही का हे? खरे की कानातले?

खरा म्हणालो. वर ये.

ती म्हणाली, दिसत नाही काही. बोलत राहा.

—

नियम कळला. म्हणतो तेवढी एक पायरी येते. थांबलो की पुढची येत नाही. सगळे माझ्या शब्दावर चढतात, खालचे कधी एका शब्दाला दोन, म्हणून जवळ येत आहेत. ती किती खाली आहे तिलाही ठाऊक नाही, किती वेळा लावलं ते तिने मोजलं नाही. चुकू नये म्हणून मांडतो आहे. बोलत मांडतो आहे.

शंभर वर. ती अजून दिसत नाही.

दीडशे. दोनशे दहा. म्हणजे पहिलं दार इथे यायला हवं. नाही आलं. दार म्हणायला विसरलो. आता दार म्हणालो तर क्षणभर उभे राहतील सगळे. नको. वर.

तीनशे. पुढची माणसं दिसायला लागली. डोळे मिटलेले. ती त्यांत नाही. बाजूने वर जातात, मी म्हणतो तेवढी.

तीनशे ऐंशी. घसा. पाणी आणलं नाही. पाणी म्हणून पाहिलं, नुसता ओला आवाज आला.

ती जवळ आली आहे. धाप ऐकू येते. म्हणते, अहो, दमलात, जरा थांबा. थांबता येत नाही गं. हे तिला सांगायला एक पायरी गेली. तेवढ्यात कुणीतरी पडलं.

चारशे. हात दिसला. तिचा. बांगडीचा हात, वर केलेला. पाच पायऱ्या असतील. सहा. मोजायला —

चारशे एक. आवाज फाटतो आहे. कुजबुज चालते का? चालली. अर्धीच पायरी आली.

चारशे दोन. अर्धी.

बोटं लागली. ती म्हणते, बोला. अहो, बोला ना. वर. वर म्हणतोय, ओठ हलतायत, चारशे ती